डोंगरातलं विद्यापीठाचं गाव: फेब्रुवारीत बघा, मुठी मोजा, मग ठरवा

प्रश्न: माझ्या नवऱ्याला डोंगरातल्या एका विद्यापीठाच्या गावात तीन वर्षांची नोकरी मिळते आहे. उंची साधारण १६०० मीटर, हिवाळ्यात बर्फ, आणि वस्तीतले जवळजवळ निम्मे लोक विद्यार्थी. आम्ही चौघं जाणार: आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. त्यांना सौम्य दमा आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. मी हिशेब तपासनिसाचं काम घरून करते. विद्यापीठ आम्हाला चार दिवस गाव बघायला बोलावतंय, फेब्रुवारीत किंवा मेमध्ये. जाऊन आलेले सगळे सांगतात, हवा स्वच्छ, माणसं शिकलेली, जगणं निवांत. मला वेगळीच धास्ती आहे. नवरा विद्यापीठात रमेल, मुलगी शाळेत रमेल आणि मी नि सासूबाई खिडकीतून डोंगर बघत बसू. काय बघावं, घर कुठं घ्यावं, ओळखी होतील का? आणि मुलीचा प्रश्न: शाळेत एकटीनं चालत जाता येईल का?

उत्तर: फेब्रुवारीत जा. मेमध्ये कुठलंही डोंगरी गाव देखणं दिसतं. उतार हिरवे, सत्र संपत आलेलं, माणसं अंगणात बसलेली. ते खोटं नसतं, पण वर्षातले ते मोजके आठवडे असतात आणि भाडं तुम्हाला बाराही महिने भरायचं आहे. अशा गावात दोन गोष्टी बाकी सगळं ठरवतात: डोंगराची सावली कुठं पडते आणि विद्यापीठाचं वेळापत्रक काय आहे. पहिली फेब्रुवारीत बरीचशी डोळ्यांनी दिसते. दुसरी विचारून काढावी लागते.

उन्हापासून सुरुवात करू, कारण घर बघताना लोक स्वयंपाकघर बघतात, कपाटं उघडून बघतात आणि नेमकं हेच विसरतात. सपाट गावात हिवाळ्यात दिवस लहान होतो, एवढंच. डोंगरी गावात दक्षिणेला कडा असेल तर काही घरांना आठवडेच्या आठवडे ऊन शिवतही नाही. नॉर्वेतल्या रयुकान या खोऱ्यातल्या गावात सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत थेट ऊन पोचत नाही. २०१३ मध्ये तिथं डोंगरावर मोठे आरसे बसवून चौकात ऊन पाडलं गेलं. तुमचं गाव इतक्या टोकाचं नसेल, पण एकाच गावातल्या दोन गल्ल्यांमध्ये उन्हाचा काही तासांचा फरक सहज असतो.

तो ओळखायचा उपाय फुकटचा आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या किती वर असेल हे काढण्यासाठी ९० मधून गावाचा अक्षांश वजा करा, उरतील त्यातून २३.५ वजा करा. ४० अक्षांशावरच्या गावासाठी उत्तर येतं २६.५ अंश. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते. बसायच्या खोलीच्या खिडकीत उभ्या राहा, दक्षिणेकडे तोंड करा, डोळ्यांच्या पातळीवर पहिली मूठ धरा, तिच्यावर दुसरी रचा. डोंगराची कड अडीच मुठींच्या वर गेली, तर डिसेंबरात त्या खोलीत भर दुपारीही ऊन नाही. मग दक्षिणेपासून तीन मुठी डावीकडे आणि तीन मुठी उजवीकडे सरकून तेच पुन्हा मोजा. तिथं सूर्य सकाळी दहाच्या आणि दुपारी दोनच्या सुमारास असतो, आणि ४० अक्षांशावर डिसेंबरात तेव्हा तो जेमतेम २१ अंशांवर पोचतो. तिथं डोंगर दोन मुठींच्या आत असेल तर दिवसाचे चार तास ऊन मिळेल असं धरून चाला. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य डिसेंबरपेक्षा मूठभर वर आलेला असतो. म्हणून ‘आत्ता तर घरात छान ऊन आहे की’ असं घरमालक म्हणाला तरी मुठी मोजाच.

हे एवढं ताणून सांगायचं कारण सासूबाई. दिवसभर घरात असणाऱ्या माणसाला दोन तास ऊन आणि शून्य तास ऊन यांतला फरक डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कळतो. शिवाय उत्तरेकडच्या सावलीतल्या पायऱ्या आणि गाडीचा रस्ता. छपरावरचा बर्फ दुपारी वितळून टपकतो, रात्री गोठतो, आणि सकाळी पायरीवर काचेसारखा थर बसलेला असतो. छपराच्या पन्हाळीचं पाणी नेमकं कुठं सोडलंय ते बघा. पायऱ्यांवर किंवा चालायच्या वाटेवर सोडलं असेल तर भाडं ठरवण्याआधी घरमालकाकडून तो पाइप वळवून घ्या.

आता ‘स्वच्छ हवे’बद्दल. हे वाक्य अर्धं खरं आहे. हिवाळ्याच्या शांत, निरभ्र रात्री उतारांवरची थंड हवा जड होऊन खोऱ्याच्या तळाशी उतरते आणि तिच्यावर गरम हवेचं झाकण बसतं. याला इन्व्हर्शन म्हणतात. मग लाकडाच्या शेगड्यांचा नि गाड्यांचा धूर वर जातच नाही. तो झाकणाखाली दिवसेंदिवस साठत राहतो. अमेरिकेतली दोन नावाजलेली डोंगरी विद्यापीठाची गावं, मोंटानातलं मिझूला आणि युटामधलं लोगन, या हिवाळी धुरासाठीही ओळखली जातात. मिझूलात त्यापायी लाकडाच्या शेगड्यांवर निर्बंध आणावे लागले. म्हणून वार्षिक सरासरी दाखवून कुणी तुमचं समाधान करत असेल तर ते मान्य करू नका. डिसेंबर आणि जानेवारीचे रोजचे पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे, आकडे मागा, निदान दोन हिवाळ्यांचे. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांसाठीची शिफारस घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅमची आहे. हिवाळ्यात किती दिवस आकडा त्याच्या दुपटीवर होता ते मोजा. दम्याच्या माणसाला सरासरीचा नाही, त्या दिवसांचा त्रास होतो. गावात असताना सकाळी सातला एखाद्या उंच वळणावर जाऊन खाली बघा. धूर चिमणीतून निघून सरळ वर न जाता आडवा पसरून थांबलेला दिसला, तर ती जी सपाट रेघ आहे तेच झाकण.

यातून घराची जागा बऱ्यापैकी ठरते. खोऱ्याचा तळ नको आणि माथाही नको. तळापासून साधारण ५० ते १५० मीटर वर अनेक खोऱ्यांत एक तुलनेनं उबदार पट्टा असतो. शांत रात्री तो तळापेक्षा काही अंशांनी गरम राहतो आणि बऱ्याचदा धुराच्या वर असतो. त्याहून वर गेलात की वारा, लांबचा रस्ता आणि बर्फ काढणाऱ्या गाडीची वाट बघणं आलं.

पण उतारावर घर म्हटलं की उताराचे प्रश्न येतातच. घरापासून बसथांब्यापर्यंतची चढण फोनमधल्या पातळीमापकानं मोजा: फोन एखाद्या सरळ फळीवर ठेवा, फळी रस्त्यावर चढणीच्या दिशेनं टेकवा. चाकाच्या खुर्चीसाठी बांधायच्या उताराचं रूढ प्रमाण १२ ला १ असतं, म्हणजे पाच अंशांच्या किंचित आत. सासूबाईंच्या रोजच्या वाटेला तेवढीच मर्यादा माना. दहा अंश कोरड्या दिवशी व्यायाम वाटतो, पण बर्फाच्या दिवशी त्या घराबाहेर पडणार नाहीत.

घराखालच्या जमिनीकडेही बघा. झाडांची खोडं बुंध्याशी वाकून मग सरळ वर गेलेली दिसली, तर माती हळूहळू सरकत असण्याची शंका घ्यावी. संरक्षक भिंतीला पाणी झिरपायची भोकं हवीत. ती नसतील किंवा चिखलानं बुजली असतील तर पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी मागून भिंतीला ढकलतं. पोट पुढे आलेली भिंत दिसली की त्या घराला नमस्कार. विटांमध्ये जिन्यासारखी चढत जाणारी भेग, आपोआप उघडणारं किंवा घासणारं दार, याही त्याच जातीच्या खुणा. घळीच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली सपाट जागा दिसायला घर बांधायला अगदी सोयीची असते. ती सपाट झाली आहे ती वरून वाहत आलेल्या दगडगोट्यांनी, आणि ते येणं बंद झालेलं नसतं.

वणव्याबद्दल थोडक्यात, पण टाळू नका. भिंतीपासून पहिल्या दीड मीटरात जळण्यासारखं काही नको: झुडूप नको, सरपण नको, लाकडी कुंपण भिंतीला टेकलेलं नको. पोटमाळ्याच्या झरोक्यांना तीन मिलिमीटरची धातूची जाळी हवी, कारण बहुतेक घरं ज्वाळेनं नाही, उडून आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. वस्तीतून बाहेर पडायला दोन वेगवेगळे रस्ते आहेत का ते स्वतः गाडीनं जाऊन बघा. ‘आम्ही जंगलापासून लांब आहोत’ हे उत्तर पुरेसं नाही. अमेरिकेतल्या कोलोराडोमध्ये, बोल्डर या डोंगराच्या पायथ्याच्या विद्यापीठाच्या शहराजवळ, ३० डिसेंबर २०२१ ला पेटलेल्या मार्शल वणव्यानं हजारावर घरं नेली. ती घरं होती शहराला लागून असलेल्या वसाहतींमधली, पेटलं होतं सुकलेलं गवत, आणि महिना डिसेंबर होता.

डोंगरातल्या ग्रॅनाइटसारख्या खडकांवरच्या घरांत रेडॉन हा वास-रंग नसलेला किरणोत्सारी वायू तळघरातून वर येऊ शकतो. त्याची चाचणी साधी असते: छोटी डबी सगळ्यात खालच्या राहत्या खोलीत दारं-खिडक्या बंद ठेवून काही दिवस ठेवायची, मग तपासायला पाठवायची. जागतिक आरोग्य संघटना घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) ही संदर्भपातळी सुचवते. जास्त निघाला तर जमिनीखालून पाइप घालून पंख्यानं हवा छपराबाहेर टाकतात. काम एका-दोन दिवसांचं आहे, घर सोडायची गरज नसते. घरमालकाकडे जुना अहवाल असेल तर तो मागा. नसेल तर डबी तुम्हीच ठेवा.

आता दुसरं वेळापत्रक. विद्यापीठाच्या गावात घर महाग का असतं, ते नीट समजून घ्या, म्हणजे चुकीच्या गल्लीत शोध घेणार नाही. चार खोल्यांचं घर चार विद्यार्थी घेतात तेव्हा भाडं खोलीवर ठरतं आणि चौघांत वाटलं जातं. तुमच्या घरात कमावते दोघं. कॅम्पसपासून पंधरा मिनिटांच्या चालीत तुमची स्पर्धा या हिशेबाशी आहे, आणि ती तुम्ही हरणार. शिवाय डोंगरी गावात जागाही मर्यादित. बोल्डरनं १९५९ मध्ये ठरावीक उंचीच्या वर शहराचं पाणी द्यायचं नाही असं मतदानानं ठरवलं आणि १९६७ मध्ये मोकळी जमीन विकत घेऊन राखण्यासाठी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला. डोंगर उघडे राहिले, फार सुंदर राहिले. पण घरं वाढायला जागा कमी उरली आणि आता तिथं काम करणारे हजारो लोक रोज बाहेरून ये-जा करतात. तुम्हाला आवडलेल्या गावात बसचालक, परिचारिका, शाळेतले शिक्षक कुठं राहतात हे जरूर विचारा. सगळेच खाली दुसऱ्या गावात राहत असतील, तर बर्फानं रस्ता बंद झाल्याच्या दिवशी बस, दवाखाना आणि शाळा तिन्ही अडखळतात.

अशा अनेक गावांत सगळे भाडेकरार एकाच आठवड्यात संपतात आणि सुरू होतात, बहुधा सत्र सुरू होण्याच्या तोंडावर, आणि पुढच्या वर्षाची विद्यार्थ्यांची घरं सहा-आठ महिने आधीच ठरून जातात. तुम्हाला त्या रांगेत उभं राहायचंच नाही. तुम्ही शोधायचं ते वर्षभराच्या अभ्यासरजेवर बाहेर जाणाऱ्या प्राध्यापकाचं घर. ते सामानासकट मिळतं, बहुतेक वेळा कुटुंबांच्या गल्लीत असतं, आणि मालकाला भाड्यापेक्षा घर नीट राहण्याची काळजी जास्त असते. अशी घरं जाहिरातीत उशिरा येतात, विभागाच्या कार्यालयात आधी कळतात. नवऱ्याला होकाराचं पत्र लिहितानाच त्या कार्यालयात विचारायला सांगा. वर्षभरानं ते घर सोडावं लागेल, हा तोटा नाही. एक पूर्ण हिवाळा आणि एक पूर्ण सुट्टी बघून झाल्यावर कुठली गल्ली हवी ते तुम्ही स्वतः सांगू शकाल. विकत घ्यायचा विचार असेल तर तोवर मनात ठेवा. कुठलंही घर पसंत पडलं तरी मागच्या जानेवारी-फेब्रुवारीची घर गरम ठेवायची बिलं मागा. भिंतींतून ऊब किती गळते हे त्यात लिहिलेलं असतं.

गोंगाटाबद्दल लोकांचा अंदाज चुकतो. विद्यार्थ्यांच्या घरापेक्षा त्यांच्या वाटेचा त्रास मोठा असतो: बार आणि वसतिगृहं यांना जोडणारी गल्ली रात्री दीडपर्यंत जागी असते. नकाशावर ती दोन टोकं जोडा आणि त्या रेघेपासून निदान दोन गल्ल्या लांब राहा. शनिवारी रात्री साडेअकरा ते दीड स्वतः गाडी लावून बसा, काच खाली करून. धूर अडवणारं तेच हवेचं झाकण आवाजालाही खाली वळवतं, त्यामुळे थंड, शांत रात्री दूरचं बोलणंही खणखणीत ऐकू येतं. हेही फेब्रुवारीत जायचं एक कारण.

शेजारी विद्यार्थी आलेच तर पहिल्या आठवड्यात, दिवसाउजेडी, स्वतःहून जाऊन ओळख करून घ्या. फोन नंबर द्या, सासूबाई आजारी असतात आणि मुलगी नऊला झोपते एवढं सांगा. नंतर आवाज झाला तर क्रम असा ठेवा: आधी निरोप, मग दुसऱ्या दिवशी दुपारी समोरासमोर बोलणं, मग घरमालक, मग विद्यापीठाचं विद्यार्थी कार्यालय, आणि पोलीस सगळ्यात शेवटी. तारीख-वेळ लिहून ठेवा. तिसऱ्या पायरीपासून त्याचाच उपयोग होतो. भाडेकरू दरवर्षी बदलतात, म्हणून ही ओळखही दरवर्षी नव्यानं करावी लागते. जुने रहिवासी नेमके इथं कंटाळतात आणि मग पहिल्याच रात्री पोलिसांना फोन करतात.

गल्ली कुटुंबांची आहे की विद्यार्थ्यांची होत चालली आहे, हे सांगणारा सगळ्यात प्रामाणिक आकडा म्हणजे जवळच्या प्राथमिक शाळेची गेल्या पाच वर्षांची पटसंख्या. घरं विद्यार्थ्यांच्या हाती गेली की लहान मुलांची कुटुंबं हलतात, पट घसरतो, मग शाळा बंद करायची भाषा सुरू होते, त्यामुळे उरलेली कुटुंबंही हलतात. ब्रिटनमध्ये भूगोलतज्ज्ञ डॅरेन स्मिथ यांनी या प्रक्रियेला ‘स्टुडंटिफिकेशन’ असं नाव दिलं. तुम्ही शाळेच्या कार्यालयात जाल तेव्हा शाळेच्या निकालांआधी पट विचारा.

सासूबाईंच्या तब्येतीचं. १६०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८२ टक्के असतो. उंचीचा आजार सहसा २५०० मीटरच्या वर दिसतो, त्यामुळे त्याची धास्ती नको. पण पहिले दोन-तीन दिवस धाप, डोकेदुखी आणि तुटक झोप होऊ शकते. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. पहिला आठवडा रक्तदाब रोज ठरलेल्या वेळी मोजून लिहा आणि गोळी स्वतःच्या मनानं वाढवू-कमी करू नका. बोटावरचा ऑक्सिजन मापक नेहमीपेक्षा दोन-तीन टक्के कमी दाखवेल, ते त्या उंचीवर अपेक्षित आहे. दम्याच्या बाजूनं थोडी चांगली बातमी आहे: उंचावरच्या कोरड्या हवेत धुळीतले सूक्ष्म किडे कमी वाढतात. वाईट बातमी म्हणजे गार हवा आणि धूर. बाहेर पडताना नाका-तोंडावर मफलर, आणि त्यांच्या खोलीत हेपा गाळणीचं (हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणारं) यंत्र. यंत्र घेताना खोलीच्या चौरस मीटरला १२ नं गुणा. १५ चौरस मीटरच्या खोलीला ताशी निदान १८० घनमीटर स्वच्छ हवा देणारं यंत्र लागतं. त्याहून लहान घेतलंत तर ते आवाज करेल, काम करणार नाही. (पाणी तिथं ९५ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून उघड्या भांड्यातलं शिजायला वेळ लागतो. प्रेशर कुकर सोबत असेल तर हा विषय इथंच संपला.)

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. तुमची धास्ती रास्त आहे, आणि ‘माणसं शिकलेली असतात’ हे तिच्यावरचं उत्तर नाही. अशा गावात पहिल्या पंधरा दिवसांत तुम्हाला चार जेवणांची आमंत्रणं येतील, सगळी विभागातली. गप्पा छान होतील. मग सत्र जोरात सुरू होईल आणि ती माणसं परीक्षेपर्यंत दिसणार नाहीत. त्यातली निम्मी तुमच्यासारखीच दोन-तीन वर्षांच्या करारावर असतात. जी कायमची आहेत, ती सतत निरोप देऊन थकलेली असतात. म्हणून भेटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती वर्षांसाठी आलात?’ तो उद्धटपणा नसतो. ‘बघू, अजून ठरलं नाही’ असं उत्तर दिलंत तर समोरचा माणूस मनातल्या मनात हात आवरतो. ‘तीन वर्षं आहोत, आणि दर मंगळवारी संध्याकाळी मी मोकळी असते’ हे उत्तर त्याला पुरतं.

मैत्रीला वेळ किती लागतो याचा एक उपयोगी अंदाज आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, आणि जवळच्या मैत्रीला २०० हून जास्त, असं आढळलं. आठवड्याला दोन तास धरले तर पहिल्या टप्प्यालाच पंचवीस आठवडे, म्हणजे सहा महिने. पहिल्या तीन महिन्यांत ‘इथं माझं कुणीच नाही’ असं वाटलं तर गावात किंवा तुमच्यात काही बिघडलंय असं समजू नका. तास भरलेले नाहीत, एवढंच.

ते तास कुठं भरायचे, हे निवडताना एकच कसोटी लावा: विद्यापीठाला सुट्टी लागली की हा उपक्रम चालू राहतो का? व्याख्यानमाला, चित्रपट मंडळ, प्राध्यापकांच्या जोडीदारांचा गट, यांपैकी बरंच काही सुट्टीत विरून जातं. पायवाटांची डागडुजी करणारे स्वयंसेवक, गिर्यारोहकांच्या सुटकेसाठी धावणारं पथक, सार्वजनिक ग्रंथालयाचं मित्रमंडळ, हौशी गायनवृंद, वृद्धांच्या दारातला बर्फ काढून देणारी मंडळी, हे चालू राहतात, कारण ते गावात मुरलेल्या माणसांचे असतात. फेब्रुवारीच्या भेटीत प्रत्येकाला एकच विचारा: ‘गेल्या जुलैत तुम्ही किती वेळा भेटलात?’

आणि तुमच्याकडे एक हुकमी पान आहे, जे तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. अशा प्रत्येक छोट्या संस्थेला खजिनदार हवा असतो आणि तो कुणालाच व्हायचं नसतं. कुदळ घेऊन डोंगरावर जायला वीस जण मिळतात. वर्गणीची वही, अनुदानाचा अर्ज आणि वर्षअखेरचा ताळेबंद करायला एक मिळत नाही. पहिले दोन महिने नुसत्या जा, कुदळच उचला. तिसऱ्या महिन्यात सांगा की हिशेब बघता येतात. लगेच पदावर जाऊ नका, आधी एका कार्यक्रमाचा जमाखर्च करून द्या. खजिनदाराला दर महिन्याला सगळ्यांना फोन करावा लागतो, दुकानदार, नगरपालिकेचे कारकून, जुने सभासद असे सगळे भेटतात. गावाची वीण इतक्या लवकर दुसऱ्या कुठल्या कामातून कळत नाही. ही सक्ती तुमच्यासारख्या घरून काम करणाऱ्या बाईला फार उपयोगी पडते.

सासूबाईंसाठी वेगळा विचार करा, त्यांना तुमच्या ओळखींचं शेपूट करू नका. त्यांना रोज जायला एक ठिकाण हवं, सपाट वाटेवर, ४०० मीटरच्या आत, बसायला बाक असलेलं आणि आत ऊब असलेलं. बहुतेक गावांत ते ग्रंथालय असतं. घर ठरवताना कॅम्पसचं अंतर मोजण्याआधी हे अंतर मोजा. नवरा बसनं जाईल. अनेक विद्यापीठं ज्येष्ठांना वर्गात परीक्षा न देता बसू देतात, तेही विचारा. बर्फाच्या दिवसांसाठी बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे घ्या. घरात शिरताना ते काढायची सवय मात्र लावावी लागेल, गुळगुळीत फरशीवर तेच पट्टे पाडतात.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिलाच शोधू द्या. फेब्रुवारीत एखाद्या कामाच्या दिवशी, शाळेच्याच वेळेला, तिच्या पाठीवर भरलेलं दप्तर देऊन तिच्यासोबत ती वाट चाला. तीन गोष्टी बघा: पदपथावरचा बर्फ काढलेला आहे का आणि तो काढायची जबाबदारी कुणाची; रस्ता ओलांडायच्या जागी आठच्या तासाला उशीर झालेले विद्यार्थी गाड्या किती वेगात आणतात; आणि डिसेंबरात त्या वेळी उजेड असेल का. हे तिन्ही ठीक असेल तर हो, जाता येईल. पहिले दोन आठवडे तुम्ही सोबत, पुढचे दोन आठवडे पन्नास पावलं मागे, मग गल्लीतल्या एखाद्या मुलाबरोबर जोडीनं. पहिला मोठा बर्फ पडला की मात्र एकदा पुन्हा तिच्यासोबत जा. बर्फ लोटणारी गाडी ढीग नेमका कोपऱ्यावर साठवते आणि आठ वर्षांचं मूल त्यामागे उभं राहिलं तर गाडीवाल्याला दिसत नाही. त्या कोपऱ्यावर तिनं कुठं थांबायचं, ती जागा तिला दाखवून ठेवा.